हिप हॉपचा पहिला अल्बम: कोकणातल्या कानाला कोणता द्यावा

‘हिप हॉप ऐकायचं म्हणतोय, कुठून सुरुवात करू?’ असं कुणी विचारलं की जुना ऐकणारा हरखून जातो आणि पंधरा-वीस अल्बमची यादी व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळा होतो. यादी जुन्यापासून नव्यापर्यंत, वर्षांच्या क्रमाने. समोरचा बिचारा पहिला अल्बम लावतो. ऐंशीच्या दशकातला कोरडा ठोका, न कळणारं इंग्रजी, चाल म्हणावी तर तीही नाही. दोन गाण्यांत तो फोन खाली ठेवतो आणि पुन्हा कधी विचारत नाही. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे इतक्या वेळा घडताना पाहिलंय, की त्यावर नीट लिहावंसं वाटलं.

माझं म्हणणं असं, की शिफारशीची सुरुवात ऐकणाऱ्याच्या कानापासून करावी, अल्बमचा विचार त्यानंतर. हिप हॉप म्हणजे मुळात ठेक्यावर यमक जुळवत बोललेले शब्द, म्हणजेच रॅप, आणि कोकणातला कान तर या संगीताला अजिबात परका नाही. ज्याने शक्ती-तुऱ्याचा सामना उजाडेपर्यंत ऐकलाय, ज्याने भजनाच्या डबलबारीत समोरच्या बुवाला काय उत्तर मिळतंय म्हणून श्वास रोखून धरलाय, त्याला ठेक्यावर बोललेला शब्द, नेमका टोमणा आणि हजरजबाबीपणा वेगळा शिकवावा लागत नाही. दार कुठलं उघडायचं एवढंच ठरवायचं असतं.

आधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: रात्र जागून तू काय ऐकलंस किंवा पाहिलंस? उत्तर शक्ती-तुरा असेल, डबलबारी असेल, दशावतार असेल, नाट्यसंगीताची मैफल असेल, नाहीतर शिमग्यातले ढोल. या एका उत्तरात जवळजवळ सगळं कळतं.

दुसरा: नवीन गाणं लागलं की आधी काय ऐकू येतं, शब्द, चाल की ठेका? पुष्कळांनी याचा कधी विचार केलेला नसतो. अशांना त्यांचं सर्वांत आवडतं गाणं विचारा आणि त्यातलं काय आवडतं ते बोलतं करा.

तिसरा प्रश्न अगदी व्यवहाराचा: ऐकणार कशावर आणि कधी? घरात सासू-सासरे आहेत की एकट्याची खोली आहे, रोज एसटीने येणं-जाणं आहे की संध्याकाळी दुकान बंद केल्यावरचा तास मोकळा आहे? चांगला अल्बम चुकीच्या जागी लागला तर वाया जातो.

ही विचारपूस पाच मिनिटांत होते. तेवढीही न करता शिफारस करू नका.

सवाल-जवाबाचा कान

कोकणात ही माणसं सर्वांत जास्त भेटतील. रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीत जाखडी नाचते, मध्ये गायक-वादक आणि भोवती फेर. शक्तीवाले आणि तुरेवाले गण-गवळण आटोपून एकमेकांना सवाल घालतात. शक्ती श्रेष्ठ की शिव, या वादावर शाहिरांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. खाली सिंधुदुर्गात हीच चुरस डबलबारीत, दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज आणि समोर गाव.

अशा माणसाला मी थेट एक सामनाच ऐकायला देतो. न्यू यॉर्कचा रॅपर जे-झी याचा ‘द ब्लूप्रिंट’ आला ११ सप्टेंबर २००१ रोजी. त्यातलं ‘टेकओव्हर’ हे गाणं म्हणजे न्यू यॉर्कचाच दुसरा रॅपर नास याला भर सभेत घातलेला सवाल. तुझा पहिला अल्बम सोडला तर नंतर काय केलंस, असा त्याचा रोख. त्याच डिसेंबरात नासचा ‘स्टिलमॅटिक’ आला आणि त्यात ‘ईथर’ नावाचा जवाब होता. आधी ‘टेकओव्हर’, लगेच ‘ईथर’, असं एकामागोमाग ऐकवा आणि विचारा, कोण जिंकलं? शक्ती-तुरा ऐकलेला माणूस यावर मत दिल्याशिवाय राहत नाही, आणि मत दिलं की तो आत आला. पुढे २००५ मध्ये दोघं एकाच मंचावर आले आणि वैर मिटलं, हेही त्याला सांगा. सामना संपल्यावर दोन्हीकडचे शाहीर एकत्र चहा पितात हे ज्याने पाहिलंय, त्याला यात नवल वाटणार नाही. मात्र ‘ईथर’मध्ये शिव्या भरपूर आहेत आणि समलिंगी माणसांना हिणवणारी भाषा आहे. ते आधीच सांगायला हवं.

हा सामना ऐकून झाला की मग नासचा पहिला अल्बम द्यायचा, ‘इलमॅटिक’, १९९४ चा. एकच अल्बम सुचवायची वेळ आली तर बहुतेक वेळा मी हाच सुचवतो, म्हणून याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

दहा तुकडे, जेमतेम चाळीस मिनिटं. कुठेही भरताड नाही. नास तेव्हा विशीचा होता आणि न्यू यॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज या सरकारी घरांच्या मोठ्या वसाहतीत वाढलेला. पहिला तुकडा लागला की आगगाडीचा खडखडाट ऐकू येतो. नवखा माणूस म्हणतो, हे काय, गाणं कुठाय? त्याला सांगून ठेवा, हा गण आहे, पुढे ढकलू नकोस. त्या खडखडाटातून आपण त्या वस्तीत उतरतो. दुसरं गाणं सुरू होताच शब्दांचा असा लोंढा येतो की अर्थ न कळताही यमकं कानावर आदळतात. ओळीच्या शेवटी तर यमक आहेच, ओळीच्या पोटातही आहे. आपल्याकडच्या पंडिती कवितेवर पोसलेल्या वाचकाला ही कारागिरी पटकन उमगते. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं वाद्य वाजतं, ते वाजवणारा ओलू दारा हा जॅझ वादक म्हणजे नासचे वडील. मुलाच्या गाण्यात बाप वाद्य घेऊन उभा राहतो, हे कळल्यावर घरातली मोठी माणसंही कान देतात.

आणि ‘वन लव्ह’. हे गाणं म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं. वस्तीत काय चाललंय, कोण भेटलं, कोण गेलं, तुझं पोर कसं दिसतं, सगळी खुशाली. ज्या घरांत गिरणगावातून आंतर्देशीय पत्रं आणि मनीऑर्डरी यायच्या, ज्या आज्यांनी शाळकरी नातवाकडून पत्रं वाचून घेतली, त्या घरांना पत्राचं हे रूप काळजाजवळचं आहे. दूर अडकलेल्या माणसाला गावाची हकिगत कळवायची, वाईट बातमी कुठे पेरायची, धीर कुठे द्यायचा, हे सगळं त्या गाण्यात आहे. गुहागरच्या एका आजोबांना हे गाणं नातवाने ओळ न् ओळ मराठीत सांगत ऐकवलं, तेव्हा ते मन लावून ऐकत होते. संगीताबद्दल ते काही बोलले नाहीत, पण त्या मित्राच्या पोराचं पुढे काय झालं ते मात्र विचारलं.

गोष्टीचा कान

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद मात्र नटाने उभ्या उभ्या रचायचे. त्यावर वाढलेल्या माणसाला सुटी गाणी नकोत, त्याला प्रसंग हवेत. त्याच्यासाठी केंड्रिक लमारचा ‘गुड किड, मॅड सिटी’, २०१२ चा. मुखपृष्ठावरच ‘केंड्रिक लमारचा लघुपट’ अशा अर्थाची ओळ आहे, आणि ती खरी आहे. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधला एक पोरगा आईची गाडी घेऊन बाहेर पडतो. गाण्यांच्या मधेमधे आईवडिलांचे फोनवरचे निरोप येतात, गाडी परत आण म्हणून आई ओरडते, बाप मधूनच काहीतरी बोलतो. मित्र, चोरी, मारामारी, एक मृत्यू. प्रसंग सरळ क्रमाने येत नाहीत, म्हणून हा अल्बम शफल करून ऐकायचा नाही, हे बजावून सांगा. मधले संवादही ओलांडायचे नाहीत.

यातलं बारा मिनिटांचं एक गाणं मला हिप हॉपमधल्या सर्वांत मोठ्या कामांपैकी वाटतं. पहिल्या कडव्यात केंड्रिक मेलेल्या मित्राच्या भावाच्या तोंडून बोलतो, आणि तो भाऊ बोलत असतानाच गोळ्यांचा आवाज येऊन ओळ तुटते. दुसऱ्यात एक मुलगी बोलते, मी विझणार नाही म्हणते आणि तिचा आवाज हळूहळू विरत जातो. एकच माणूस आवाज बदलून तीन पात्रं उभी करतो. रात्री गॅसबत्तीच्या उजेडात एका नटाला राजा आणि राक्षस दोन्ही होताना पाहिलेल्या माणसाला मी यातली कला समजावत बसत नाही.

पुढे केंड्रिकच्या ‘डॅम’ या २०१७ च्या अल्बमला २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं. अभिजात आणि जॅझ यांच्या बाहेर ते पहिल्यांदाच गेलं. घरात कुणी ‘हे काय संगीत आहे का’ म्हणत असेल तर ही माहिती उपयोगी पडते, पण आवड तिने लागत नाही. आवड त्या बारा मिनिटांनी लागते.

चालीचा कान

नाट्यसंगीत, भावगीत, जुनी हिंदी गाणी. या माणसाची पहिली तक्रार ठरलेली: यात चाल कुठे आहे? त्याच्याशी वाद घालू नका. त्याला लॉरिन हिलचा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ द्या, १९९८ चा. ती गाते आणि रॅपही करते, आणि एकातून दुसऱ्यात कधी जाते ते कळत नाही. सुरुवातीला वर्गातली हजेरी आहे, तिचं नाव पुकारलं जातं आणि ती गैरहजर असते. मग अल्बमभर अधूनमधून तोच वर्ग, मास्तर मुलांना प्रेमाबद्दल विचारतात. ‘टू झायन’ हे गाणं तिने आपल्या बाळासाठी केलंय, त्यात गिटार कार्लोस सांतानाची. १९९९ मध्ये या अल्बमने वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी धरून पाच ग्रॅमी घेतले. लांबी सव्वा तासाच्या वर आहे, तेव्हा दोन बैठकींत ऐकायला सांगा.

याच कानाला सॅम्पलिंग समजवायचं तर लता मंगेशकरांपासून सुरुवात करा. १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटात बप्पी लाहिरींच्या संगीतात दीदींनी गायलेलं ‘थोडा रेशम लगता है’ २००२ मध्ये अमेरिकेतल्या ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’मध्ये वाजलं, तेही परवानगीशिवाय, आणि प्रकरण कोर्टात गेलं. जुन्या तबकडीतला तुकडा उचलायचा, फिरवायचा, त्यावर नवं उभं करायचं, हे या संगीताचं मूळ तंत्र. परवानग्यांचा गुंता किती असतो पाहा: डी ला सोल या गटाचा १९८९ चा पहिला अल्बम स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडलं.

ठेक्याचा कान

पखवाजी, ढोलकीवाले, शिमग्यात ढोल घेऊन फिरणारे, आणि मिरवणुकीत डॉल्बीजवळ उभं राहून छातीत ठोका घेणारे. यांना इतिहास थोडा सांगावा, कारण तो यांचाच आहे. ११ ऑगस्ट १९७३, न्यू यॉर्कचं ब्रॉन्क्स, १५२० सेजविक ॲव्हेन्यू ही इमारत. जमैकाहून आलेला कूल हर्क आपल्या बहिणीच्या पार्टीत तबकड्या लावत होता. त्याच्या लक्षात आलं होतं, की गाण्यात गायक थांबून नुसता ठेका उरतो तेव्हा नाचणारे पेटतात. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घ्यायच्या, एकीवरचा ठेक्याचा तुकडा संपला की दुसरीवर तोच पुन्हा सुरू करायचा, आणि काही सेकंदांचा ठेका हवा तेवढा लांबवायचा. त्या लांबलेल्या ठेक्यावर माणसं बोलू लागली. म्हणजे आधी ठेका आला आणि शब्द नंतर. वाजवणाऱ्याला हे ऐकून फार बरं वाटतं.

त्याला अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या गटाचा ‘द लो एंड थिअरी’ द्या, १९९१ चा. पहिलं गाणं नुसत्या बासवर सुरू होतं, त्यावर शब्द येतात आणि ड्रम बऱ्याच उशिरा पडतो. तो पडतो तेव्हा पखवाजी हमखास मान हलवतो. मात्रा मोजायला सांगा: एक आणि तीनवर खालचा जड ठोका, दोन आणि चारवर वरचा करकरीत. एवढी खूण हाती लागली की बोलणारा ठोक्याच्या किंचित मागे कसा रेंगाळतो तेही कळायला लागतं. त्याच गाण्याच्या सुरुवातीला गटातला रॅपर क्यू-टिप म्हणतो, की माझ्या वडिलांना हे ऐकून बीबॉप हा जॅझचा प्रकार आठवायचा. एका गाण्यात तर जॅझमधला नावाजलेला रॉन कार्टर स्वतः डबल बास वाजवतो.

शब्द नकोच म्हणणारा असेल तर जे डिलाचा ‘डोनट्स’. एकतीस छोटे छोटे तुकडे, जवळजवळ सगळे वाद्यांचे. तो ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला आणि तीन दिवसांनी डिला गेला.

हिंदी सिनेमाचा कान

२०१९ चा ‘गली बॉय’ पाहून आलेल्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही. त्यांना मुंबईचा रॅपर डिव्हाइन याचा त्याच वर्षीचा ‘कोहिनूर’ द्या, नंतर प्रभ दीपचा ‘क्लास-सिख’, २०१७ चा. तो पंजाबीत आहे, दिल्लीच्या टिळक नगरातल्या नशेबद्दल आणि गमावलेल्या मित्रांबद्दल. मग सीधे मौत या जोडीचा ‘बयान’, २०१८ चा. दोघं एकमेकांच्या ओळी अशा झेलतात की डबलबारीवाल्यालाही हा चालतो. इंग्रजीची भीती असेल त्याने इथूनच सुरुवात करावी, त्यात कमीपणा काही नाही. मराठीत अजून बरंचसं काम सुट्या गाण्यांतच सापडतं. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या बहुभाषिक गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो, आणि आरे जंगलातल्या आदिवासींच्या हक्कांवरचं ‘द वारली रिव्होल्ट’ त्यांनी प्रकाश भोईर यांच्यासोबत २०१९ मध्ये केलं. ते आधी पाठवायला उत्तम.

कशावर ऐकायचं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण निम्म्या शिफारशी इथेच बुडतात. फोनच्या स्पीकरला खालचा बास वाजवताच येत नाही. हिप हॉपचा पाया नेमका तिथे आहे. रोलंड कंपनीच्या १९८० सालच्या ८०८ या ठेका वाजवणाऱ्या यंत्राचा घुमणारा ठोका कितीतरी गाण्यांचा कणा आहे, आणि फोनवर तो फक्त टक्‌ असा ऐकू येतो. त्यामुळे पहिली अट इअरफोनची. साधे, वायरचे, कानात घट्ट बसणारे पुरतात. ब्लूटूथ स्पीकर असेल तर भिंतीजवळ ठेवा, बास भरतो.

दुसरी अट, अल्बम आधी डाउनलोड करून ठेवायचा. कशेडी आणि आंबोली घाटांत नेटवर्क येतं-जातं. कोकण रेल्वेवर तर रत्नागिरीच्या उत्तरेला करबुड्याचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, आणि गाणं नेमकं तिथे तुटतं. जून-जुलैत वीज गेली की घरचं वायफायही जातं. पहिल्यांदा ऐकताना अल्बम मध्येच तुटला तर तो पुन्हा लावला जात नाही.

प्रवासात ऐकणार असेल तर अल्बम प्रवासापेक्षा छोटा निवडा. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाणारी एसटी पोचायच्या आत ‘इलमॅटिक’ संपतो. लॉरिन हिलला मांडवी किंवा तुतारी एक्सप्रेस हवी.

कसं ऐकायचं, हेही सांगा

पहिल्या वेळी शब्दांच्या मागे लागायचं नाही. अनोळखी बोलीतला कीर्तनकार ऐकावा तसं ऐकायचं, लय, आवाजाचा चढउतार आणि कुठे थांबतो ते. दुसऱ्या वेळी फोनवर शब्द उघडून. जीनियस या संकेतस्थळावर ओळींचे अर्थ आणि संदर्भ मिळतात, बोलीतले शब्द तिथे उलगडतात. तिथले अर्थ वाचकांनीच लिहिलेले असतात, तेव्हा प्रत्येक ओळ ब्रह्मवाक्य मानू नये. सगळा अल्बम असा वाचायची गरज नाही, आवडलेली दोन-तीन गाणी पुरेत. तिसऱ्या वेळी पुन्हा शब्दांविना. आता कान आपोआप ओळी पकडतो, आणि आनंद खरा इथून सुरू होतो.

तिन्ही वेळा एकाच आठवड्यात झाल्या तर उत्तम. मध्ये महिना गेला तर पुन्हा पहिल्यापासून.

आधीच सांगायच्या गोष्टी

शिव्या आहेत, हिंसा आहे, अमली पदार्थ आहेत, आणि बायकांबद्दल अनेक ठिकाणी अतिशय वाईट बोललेलं आहे. हे लपवून शिफारस करणं मला अप्रामाणिक वाटतं. कोणत्या अल्बममध्ये काय आहे ते नाव घेऊन सांगा. ज्या अल्बमपुढे ‘एक्स्प्लिसिट’ची खूण आहे तो पडवीत मोठ्याने लावायचा नाही. बऱ्याच अल्बमच्या शिव्या गाळलेल्या आवृत्त्याही मिळतात, घरात लहान मुलं असतील तर त्या शोधा. काळ्या माणसांसाठी वापरला गेलेला जो शब्द हे गायक आपापसांत वापरतात, तो आपण गुणगुणतानाही उच्चारायचा नाही, हे तरुण पोरांना स्पष्ट सांगावं. जातीवरून दिलेली शिवी काय असते हे आपल्या समाजाला माहीत आहे, त्यामुळे याचं कारण वेगळं समजवावं लागू नये.

कुणी म्हणालं, की बायकांना हिणवणारं मला ऐकायचंच नाही, तर त्या माणसाशी हुज्जत नको. लॉरिन हिल आहेच, शिवाय रॅप्सडीचा ‘ईव्ह’, २०१९ चा, ज्यात बहुतेक गाण्यांना काळ्या स्त्रियांची नावं आहेत. आणि लंडनच्या लिटल सिम्झचा ‘समटाइम्स आय माइट बी इंट्रोव्हर्ट’, २०२१ चा, ज्याला पुढच्या वर्षी मर्क्युरी पारितोषिक मिळालं. वाद्यवृंद मोठा, भव्य, आणि मध्ये एक अबोल मुलगी स्वतःशी बोलते. महाविद्यालयातल्या मुलींना मी हाच आधी देतो.

पहिल्यांदा देऊ नयेत असे

थोर आहेत म्हणूनच हे जपून ठेवा. पब्लिक एनिमीचा १९८८ चा ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स’ म्हणजे आवाजांची भिंत, नवख्याला धाप लागते. वू-टँग क्लॅनचा १९९३ चा पहिला अल्बम खरखरीत आहे आणि त्यातले इतके सारे आवाज ओळखण्यातच वेळ जातो. केंड्रिकचा २०१५ चा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ जॅझने गच्च भरलेला, त्याच्याआधी ‘गुड किड’ झालेला हवा. मॅडव्हिलनच्या ‘मॅडव्हिलनी’त ध्रुवपदं जवळजवळ नाहीतच, धरायला काही मिळत नाही. टूपॅकचा ‘ऑल आइझ ऑन मी’ आणि आउटकास्टचा ‘स्पीकरबॉक्स, द लव्ह बिलो’ दोन-दोन तासांच्या वर जातात. टूपॅक हवाच असेल तर १९९५ चा ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’, आउटकास्ट हवा असेल तर १९९८ चा ‘ॲक्वेमिनी’.

निरोप कसा लिहायचा

नुसती लिंक पाठवू नका. चार ओळी लिहा. अल्बम किती वेळाचा, कुठलं गाणं ओलांडायचं नाही, एक गोष्ट कान देऊन ऐकण्यासारखी, आणि एक इशारा. उदाहरणार्थ:

‘दादा, नासचा इलमॅटिक पाठवतोय. चाळीस मिनिटांचा आहे, उद्या एसटीत बसण्याआधी डाउनलोड करून ठेव. सुरुवातीला गाडीचा आवाज येईल, तो जाऊ दे तसाच. वन लव्ह हे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेलं पत्र आहे, ते दोनदा ऐक. शिव्या आहेत, तेव्हा इअरफोन लावूनच. आवडला नाही तरी कळव, कुठे कंटाळा आला तेवढं सांग.’

शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. ‘आवडला का?’ या प्रश्नाला आपल्याकडे माणसं संकोचून हो म्हणतात. कंटाळा कुठे आला ते विचारलं की खरं उत्तर मिळतं. शब्द कळले नाहीत असं उत्तर आलं तर हिंदीकडे वळवा. चाल नाही म्हणाला तर लॉरिन हिल. फार संथ वाटलं तर ‘द ब्लूप्रिंट’. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर गप्प बसा, त्याला वाटेल तेव्हा तोच विचारेल.

दुसरा अल्बम

पहिला लागला की लोक गायकाचा पुढचा अल्बम शोधतात. मी संगीत कुणी रचलं ते बघायला सांगतो. ‘इलमॅटिक’वर डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर अशी नावं आहेत. जे गाणं सर्वांत आवडलं त्याचा रचनाकार कोण ते पाहायचं. प्रीमियर असेल तर गँग स्टारचा ‘मोमेंट ऑफ ट्रूथ’, १९९८ चा. पीट रॉक असेल तर सी. एल. स्मूदसोबतचा ‘मक्का अँड द सोल ब्रदर’, १९९२ चा. ‘वन लव्ह’ आवडलं असेल तर ते क्यू-टिपचं, म्हणजे वाट अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टकडे जाते, ‘द लो एंड थिअरी’ आणि त्यानंतर ‘मिडनाइट मरॉडर्स’, १९९३ चा. ‘बयान’ आणि ‘क्लास-सिख’ दोन्हींचं संगीत सेझ ऑन द बीटचं आहे, तेव्हा हिंदी-पंजाबीतही हीच युक्ती चालते. असे दोन-तीन अल्बम झाले की तो माणूस तुम्हाला विचारेनासा होतो आणि स्वतः ऐकलेलं तुम्हाला पाठवू लागतो. ते मात्र वेळ काढून, इअरफोन लावून, पूर्ण ऐका आणि कसं वाटलं ते त्याला कळवा.